तंबाखूत्यागाचे सामुदायिक प्रयोग : उत्तर कारेलिया आणि भारतातील तीन जिल्हे

धूम्रपानाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तंबाखूच्या प्रसाराकडे जेवढे लक्ष पुरविले आहे, तेवढे तिच्या त्यागाकडे पुरविलेले नाही. तंबाखू अमेरिकेतून युरोपात कशी आली, पोर्तुगिजांनी ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावर कशी उतरविली, विजापूरहून परतलेल्या असद बेगाने ती अकबरापुढे कशी ठेवली आणि पुढे जहांगिराने १६१७ मध्ये बंदी घातली तरी ती कशी फैलावत गेली, हे सर्व आपणांस ठाऊक आहे. परंतु ज्या माणसांनी तंबाखू सोडली त्यांनी ती कोणाच्या सांगण्यावरून, कोणाच्या साहाय्याने आणि कोणत्या परिस्थितीत सोडली, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेत फारसा आलेला नाही. याचे एक कारण उघड आहे. व्यसनाच्या स्वीकाराबरोबर लागवडीची, जकातीची आणि खरेदीविक्रीची नोंद मागे राहते. त्यागाची नोंद राहत नाही. विडी न ओढणारा मनुष्य कोणत्याही चोपडीत सापडत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही स्थिती पालटली. व्यसनत्याग हा वैद्यकाचा विषय झाला आणि त्याबरोबर त्याची मोजदाद सुरू झाली. प्रस्तुत लेखात या काळातील दोन प्रयोगांचा विचार योजिला आहे. पहिला फिनलंडमधील उत्तर कारेलिया प्रांतात १९७२ मध्ये सुरू झाला. दुसरा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतवैद्यकीय संशोधकांनी एर्नाकुलम, श्रीकाकुलम आणि भावनगर या तीन जिल्ह्यांतील खेड्यांत त्यानंतर पाच-सहा वर्षांनी हाती घेतला. पहिल्याचे नाव सार्वजनिक आरोग्याच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळते; दुसऱ्याचा उल्लेख मुखरोगांच्या तज्ज्ञांबाहेर क्वचितच होतो. ही प्रसिद्धीतील तफावत गुणवत्तेतील तफावतीतून आलेली नाही, असे लेखकाचे मत आहे. त्या मताची कारणे पुढे येतीलच. तथापि याहून महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे : एखाद्या मोहिमेनंतर एखाद्या प्रदेशातील लोकांनी व्यसन सोडले, तर ते मोहिमेमुळे सोडले असे म्हणण्यास कोणता आधार लागतो?

प्रथम 'सामुदायिक' या शब्दाविषयी थोडे स्पष्टीकरण हवे. व्यसन सोडविण्यासाठी माणसे एकत्र आणणे ही कल्पना नवी नव्हे. आपल्याकडे गळ्यात माळ घालून वारकरी होणाऱ्याने चारचौघांसमक्ष व्यसने टाकावीत, ही रीत जुनी आहे. गाडगे महाराजांच्या कीर्तनांत व्यसनांवर होणारा भडिमार ज्यांनी ऐकला ती पिढी आता जवळजवळ राहिलेली नाही. अमेरिकेत १९६० च्या सुमारास सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथातील डॉक्टर मॅकफार्लंड आणि धर्मोपदेशक फोकेनबर्ग यांनी 'पाच दिवसांची योजना' आखली. तीत धूम्रपान करणारे लोक लागोपाठ पाच संध्याकाळी एकत्र जमत, एक वैद्य आणि एक धर्मोपदेशक त्यांच्याशी बोलत, आणि भरपूर पाणी पिण्यापासून मनाशी निश्चयाचे वाक्य घोकण्यापर्यंत दैनंदिन उपाय सांगत. मिनेसोटा राज्यातील मॉन्टिसेलो या लहान गावी तेथील वृत्तपत्राचे संपादक लिन स्मिथ यांनी जानेवारी १९७४ मध्ये सबंध गावाने एक दिवस सिगारेट सोडावी असे आवाहन केले; पुढे १९७७ पासून अमेरिकेत दरवर्षी पाळल्या जाणाऱ्या राष्ट्रीय धूम्रपानत्याग दिनाचे एक मूळ या गावात आहे. या सर्व उपक्रमांत समुदाय होता, पण तो स्वेच्छेने आलेल्यांचा होता. जो आला नाही त्याचे काय झाले, हे कोणी पाहिले नाही. ज्या प्रयोगांचा विचार येथे करावयाचा आहे, त्यांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी आलेल्यांबरोबर न आलेल्यांनाही हिशेबात धरले. सबंध प्रांत किंवा सबंध खेडे हे त्यांचे एकक होते.

असे एकक धरण्याची गरज का भासली, हे समजण्यासाठी १९५० नंतरच्या घटना ध्यानात घ्याव्या लागतात. त्या वर्षी डॉल आणि हिल यांनी फुप्फुसाचा कर्करोग आणि सिगारेट यांचा संबंध दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. १९६२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा आणि जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल निघाला. त्यांतून धोका सिद्ध झाला, पण दवाखान्यात येऊन सल्ला मागणाऱ्यांची संख्या धूम्रपान करणाऱ्यांच्या मानाने इतकी अल्प होती की केवळ दवाखान्यांच्या बळावर समाजातील रोगाचे प्रमाण घटण्याचा संभव नव्हता. वैद्याने रोग्याची वाट पाहत बसण्याऐवजी त्याच्या गावात जावे, हा विचार या हिशेबातून निघाला.

उत्तर कारेलियात मात्र आरंभ वैद्यांनी केला नाही. सोव्हिएट सरहद्दीला लागून असलेल्या, जंगलतोड आणि दूधदुभत्यावर जगणाऱ्या या प्रांताची लोकसंख्या त्या वेळी सुमारे १,८०,००० होती. अँसेल कीज यांच्या सात देशांतील अभ्यासातून पूर्व फिनलंडमधील पुरुषांत हृद्रोगाचे प्रमाण अतिशय मोठे असल्याचे दिसून आले होते. ही बातमी प्रांतातील लोकांपर्यंत पोहोचली, आणि जानेवारी १९७१ मध्ये प्रांताचे गव्हर्नर एसा टिमोनेन, तेथील संसद सदस्य आणि इतर प्रतिनिधी यांनी सरकारकडे एक अर्ज पाठविला : आमच्या प्रांतातील हा अनर्थ थांबविण्यासाठी काही तरी करावे. अभ्यासाचा विषय झालेल्या लोकांनी आपल्यावर आणखी अभ्यास करण्याऐवजी उपाय करावा असे म्हणणे, ही घटना सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने फार मोलाची आहे, आणि प्रकल्पावरील ग्रंथांत तिला प्रास्ताविकात दोन ओळींची जागा मिळावी याचे नवल वाटते.

प्रकल्पाची सूत्रे पेक्का पुस्का या सत्तावीस वर्षांच्या वैद्याकडे आली. धूम्रपान, रक्तातील कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब या तीन गोष्टी कमी करणे हे उद्दिष्ट होते. म्हणजे धूम्रपानत्याग हा तिहींतला एक भाग होता. १९७२ च्या वसंतात उत्तर कारेलियाची आणि तुलनेसाठी शेजारच्या कुओपिओ प्रांताची नमुना पाहणी झाली. त्यानंतर पाच वर्षे कार्यकर्त्यांनी प्रांतातील संस्थांचे जाळे वापरले. आरोग्यकेंद्रातील परिचारिका, शाळा, स्थानिक वृत्तपत्रे, 'मार्था' ही गृहिणींची जुनी संघटना, आणि गावोगावचे वजनदार पण पदाधिकारी नसलेले स्त्रीपुरुष, ज्यांना थोडे शिक्षण देऊन शेजाऱ्यांशी बोलण्यास सांगितले गेले, हे त्यांचे साधन होते. १९७८ मध्ये फिनलंडच्या दूरचित्रवाणीवर धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्यांचा एक लहान गट बसविण्यात आला आणि त्यांचा अभ्यासवर्ग देशभर दाखविण्यात आला. पडद्यावरील माणसे अडखळतात, चिडतात, पुन्हा प्रयत्न करतात, हे घरोघरी लोकांनी पाहिले. उत्तर कारेलियात अशा प्रेक्षकांचे गटही जमविण्यात आले. यातूनच पुढे 'सोडा आणि जिंका' या नावाच्या स्पर्धा निघाल्या आणि १९९४ पासून त्या आंतरराष्ट्रीय झाल्या.

आकडे काय सांगतात? १९७२ मध्ये उत्तर कारेलियातील शेकडा ५२ पुरुष धूम्रपान करीत होते. १९९७ मध्ये हे प्रमाण शेकडा ३१ झाले. ही घट निर्विवाद आहे. स्त्रियांचे आकडे मात्र उलट दिशेने गेले : त्याच २५ वर्षांत ते शेकडा १० वरून १६ वर चढले. पुरुषांच्या घटीला प्रकल्पाचे यश म्हणावयाचे, तर स्त्रियांच्या वाढीला काय म्हणावयाचे, हा प्रश्न गौरवपर लेखनात सहसा विचारला जात नाही. त्याचे एक उत्तर असे देता येईल की सबंध फिनलंडमध्ये स्त्रियांचे धूम्रपान वाढत होते आणि प्रकल्प त्या प्रवाहाला अडवू शकला नाही. पण हे उत्तर स्वीकारले की पुरुषांच्या बाबतीतही तसाच देशव्यापी प्रवाह होता काय, हे पाहणे ओघानेच येते, आणि तो होता. कुओपिओतील पुरुषांतही धूम्रपान घटले. किती घटले आणि उत्तर कारेलियाच्या मागे किती राहिले, यावरच सारा वाद आहे. १९७६ मध्ये फिनलंडच्या संसदेने तंबाखूचा कायदा केला. त्याने जाहिराती बंद झाल्या, सार्वजनिक जागी धूम्रपानावर मर्यादा आल्या आणि तंबाखूवरील कराचा एक अंश आरोग्यशिक्षणासाठी राखून ठेवला गेला. हा कायदा दोन्ही प्रांतांना सारखाच लागू झाला. प्रकल्पाचे समर्थक म्हणतात की कायदा होण्यास प्रकल्पानेच अनुकूल वातावरण निर्माण केले. यात तथ्य असेलही, पण मग कुओपिओ हा तुलनेचा प्रांत राहत नाही, तोही प्रकल्पाच्या प्रभावाखाली येतो. प्रकल्पात स्वतः काम केलेल्या सालोनेन यांनी १९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पत्र लिहून हृद्रोगमृत्यूंतील घटीबद्दल हीच शंका उपस्थित केली होती. स्थानिक यश राष्ट्रीय झाले की त्याचे मोजमाप अशक्य होते, ही या प्रयोगाची विचित्र परिणती होय.

आता भारताकडे वळू. येथे 'धूम्रपान' हा शब्दच अपुरा पडतो. आपल्या देशात तंबाखू ओढली जाते, चघळली जाते, दातांना चोळली जाते, नाकात ओढली जाते. आणि एकाच घरात, क्वचित एकाच माणसाच्या बाबतीत, यांतील दोन-तीन रीती एकत्र नांदतात. म्हणून पाश्चात्त्य संशोधन सिगारेट आणि फुप्फुस यांच्याभोवती फिरले, तर भारतीय संशोधन आरंभापासून तोंडाकडे वळले. त्रावणकोरातील नेय्यूर येथील ऑर यांनी १९३३ मध्ये विडा चघळणाऱ्यांतील मुखकर्करोगावर निबंध लिहिला. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुखकर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला, आणि १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे या दोहोंचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाशी असलेला संबंध तपासला. पण ही सर्व माहिती रुग्णालयात आलेल्यांची होती.

रुग्णालय सोडून खेड्यात जाण्याचे काम टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने केले. भौतिकी आणि गणित यांसाठी ख्यातनाम असलेल्या संस्थेत दंतवैद्यांचा एक विभाग असावा, याचे अनेकांना आजही आश्चर्य वाटते. विभागाचे प्रमुख डॉ. फली मेहता होते. कोपनहेगनचे मुखविकृतितज्ज्ञ पिंडबोर्ग हे त्यांचे दीर्घकाळचे सहकारी, आणि संख्याशास्त्राची बाजू प्रकाश गुप्ता यांनी सांभाळली. मेहतांनी आधी मुंबईच्या पोलिसांची पाहणी करून त्यांचा दहा वर्षे मागोवा घेतला होता. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भावनगर, एर्नाकुलम, श्रीकाकुलम, दरभंगा आणि सिंगभूम या पाच जिल्ह्यांतील ५०,९१५ खेडुतांची तोंडे घरोघर जाऊन तपासण्यात आली. १९७२ मध्ये महाराष्ट्रातील १,०१,७६१ खेडुतांची पाहणी प्रसिद्ध झाली. ती पुणे जिल्ह्यातील होती, आणि तीमुळे मिश्रीसारखी आपल्या घराघरांतील सवय शास्त्रीय वाङ्मयात आली. ही पुण्याची पाहणी इतकी मोठी असूनही पुढील प्रयोगासाठी महाराष्ट्रातील एकही जिल्हा निवडला गेला नाही, ही गोष्ट मराठी वाचकांस खटकेल; लेखकासही खटकते.

पाचांपैकी तीन जिल्ह्यांतील लोकांची त्यानंतर दहा वर्षे दरसाल पुनर्तपासणी झाली. तिचा निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. तो असा की नव्याने उद्भवलेले मुखकर्करोग तंबाखू सेवन करणाऱ्यांतच आढळले, आणि बहुतेकांच्या तोंडात कर्करोगापूर्वी ओळखता येण्याजोगे चट्टे किंवा व्रण असत. येथपर्यंत संशोधक निरीक्षकाच्या भूमिकेत होते. पण तंबाखू सोडल्यास रोग टळेल असा तर्क ज्यांच्या हाती इतक्या बळकट पुराव्यानिशी आला, त्यांना केवळ वहीत नोंदी करीत राहणे नीतीच्या दृष्टीने कितपत शक्य होते? इ. स. १९७७ च्या सुमारास त्यांनी निरीक्षण सोडून हस्तक्षेप आरंभिला.

प्रयोगाची रचना पुढीलप्रमाणे होती. तिन्ही जिल्ह्यांतील खेड्यांतून तंबाखू सेवन करणाऱ्या सुमारे ३६,००० लोकांची निवड झाली. एकट्या एर्नाकुलममध्ये १२,२१२. पहिल्या खेपेस त्यांच्या सवयींची चौकशी आणि तोंडाची तपासणी झाली, व ती पुढे दरवर्षी होत राहिली. तपासणाऱ्या दंतवैद्याने तेथेच, त्या माणसाला, त्याच्या तोंडातील चट्टा दाखवून तंबाखू सोडण्याविषयी सांगावे, हा प्रयोगाचा गाभा होता. त्याच्या जोडीला चित्रपट, भित्तिपत्रके, नभोवाणी, वृत्तपत्रे अशी साधने होती, पण ती सर्वत्र सारखी वापरता येण्याजोगी नव्हती. मल्याळी खेड्यात वृत्तपत्र वाचणारे मिळत. श्रीकाकुलमच्या निरक्षर स्त्रियांना त्याचा काय उपयोग?

श्रीकाकुलमचे प्रकरण थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे. तेथील किनारपट्टीतील स्त्रिया चुट्टा नावाची जाड गावठी विडी तिचे जळते टोक तोंडात धरून ओढतात. तेलुगूत या रीतीला 'अड्ड पोगा' म्हणतात. त्यामुळे टाळूची त्वचा भाजते, तिच्यावर पांढरे व तांबडे चट्टे उठतात आणि टाळूचा कर्करोग, जो जगात अन्यत्र विरळा, तो तेथे नित्याचा होतो. या स्त्रियांच्या दृष्टीने चुट्टा हे व्यसन नव्हते. आई, सासू, शेजारीण, सर्वच ओढीत, आणि टाळू काळवंडणे हे वयाचे लक्षण मानले जाई. तेव्हा येथील काम केवळ सोडा म्हणून सांगण्याचे नव्हते. जी गोष्ट स्वाभाविक वाटते ती रोग आहे हे आधी पटवावयाचे होते. मीरा अघी यांच्यासारख्या वर्तनशास्त्रज्ञांचा या कामात सहभाग होता. दंतवैद्यांच्या पथकाने समाजाच्या समजुतींचा अभ्यास आपल्या कामाचा भाग मानावा, ही गोष्ट त्या काळात सामान्य नव्हती. भावनगरचे चित्र आणखी निराळे होते : तेथे पुरुष विडीबरोबर 'हुकली' नावाची मातीची चिलीम ओढीत. एकाच प्रयोगात तीन भाषा आणि तंबाखूच्या निदान चार रीती होत्या. उत्तर कारेलियाच्या कार्यकर्त्यांपुढे ही अडचण कधीच आली नाही.

पाच वर्षांचे निष्कर्ष १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनागटापेक्षा प्रयोगगटातील बऱ्याच अधिक लोकांनी तंबाखू सोडली होती. ल्यूकोप्लाकिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यांचे नवे प्रमाण एर्नाकुलमच्या पुरुषांत तुलनागटाच्या सुमारे एक चतुर्थांश आणि स्त्रियांत एक पंचमांशाहूनही थोडे कमी आढळले. व्यसन सोडल्याचे तोंडी सांगणे एक, आणि तोंडात चट्टा न उठणे दुसरे. फिनलंडमध्ये धूम्रपानाचे आकडे मुख्यतः प्रश्नपत्रिकेवर अवलंबून होते, येथे ग्वाही प्रत्यक्ष शरीराने दिली. या दृष्टीने भारतीय प्रयोग अधिक भक्कम पायावर उभा होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु तुलनागट कोणता होता, हे पाहिले की तोच पाया डळमळू लागतो. या प्रयोगाला समकालीन तुलनागट नव्हता. १९६६ पासूनच्या दहा वर्षांच्या निरीक्षणातील पहिल्या पाच वर्षांचे आकडे तुलनेसाठी घेण्यात आले. म्हणजे त्याच जिल्ह्यांतील, त्याच पद्धतीने तपासलेली, पण निराळी माणसे आणि निराळा काळ. ज्यांना धोका माहीत आहे त्यांनी तो काही खेड्यांपासून मुद्दाम लपवून ठेवावा हे अनुचित झाले असते, आणि एका गावात सांगितलेली गोष्ट शेजारच्या गावी जाणारच, ही व्यावहारिक अडचणही होती. हे मान्य करूनही प्रश्न उरतो की १९६६ आणि १९७७ या दोन वर्षांच्या दरम्यान केरळातील खेडे जागच्या जागी थांबले होते काय? शाळा वाढल्या, नभोवाणी संच वाढले, आखाती देशांत जाणाऱ्यांचा पैसा गावात येऊ लागला. शिवाय तपासणाऱ्या वैद्यास आपण कोणत्या गटातील तोंड पाहत आहोत हे ठाऊक असणे अपरिहार्य होते.

या आक्षेपांना काही अंशी उत्तर देता येते. वार्षिक तपासणी दोन्ही काळांत झाली होती, तेव्हा केवळ डॉक्टर दारी आला म्हणून लोक सावध झाले, असे म्हणता येत नाही. फिनलंडमध्ये राष्ट्रीय कायद्याने प्रयोगाचे चित्र गढूळ केले. भारतात १९७५ चा सिगारेट कायदा झाला खरा, पण त्याने फक्त सिगारेटच्या वेष्टनावर इशारा छापणे आवश्यक केले. विडी, चुट्टा, हुकली आणि पानातील तंबाखू यांना त्याचा स्पर्शही झाला नाही. ज्या सवयी कमी झाल्या, त्याच कायद्याच्या बाहेर होत्या. त्यामुळे सरकारी धोरणाकडे श्रेय जाण्याची शक्यता येथे फार थोडी राहते. पुढे १९९५ मध्ये एर्नाकुलमच्या त्याच १२,२१२ लोकांच्या दहा वर्षांच्या मागोव्यातून, ज्यांनी तंबाखू सोडली त्यांची आणि ज्यांनी सोडली नाही त्यांची परस्परांशी तुलना प्रसिद्ध झाली. सोडणाऱ्यांत नव्या चट्ट्यांचे प्रमाण स्पष्टपणे घटलेले होते. येथे काळाचा फरक नाही. पण हा पुरावा निराळ्या प्रश्नाचा आहे. तंबाखू सोडल्याने लाभ होतो, एवढे त्याने सिद्ध होते. लोकांनी ती प्रयोगामुळे सोडली, हे त्याने सिद्ध होत नाही. या दोन प्रश्नांची गल्लत वैद्यकीय लेखनात वारंवार होते, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी ती टाळली पाहिजे.

कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात बंगळूरच्या किडवाई संस्थेने केलेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिक्षणप्रयोगात समकालीन तुलनाक्षेत्रे ठेवण्यात आली होती, एवढा उल्लेख येथे पुरे.

तुलनेची समस्या निर्दोषपणे सोडविण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. 'कमिट' या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रयोगात सारख्या गावांच्या अकरा जोड्या निवडल्या, दहा अमेरिकेत आणि एक कॅनडात, आणि प्रत्येक जोडीतील एक गाव चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यदृच्छया प्रयोगासाठी घेतले. चार वर्षे काम चालले. निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसाला पंचवीस वा अधिक सिगारेटी ओढणाऱ्यांत प्रयोगगावांतील त्यागाचे प्रमाण शेकडा १८.० आणि तुलनागावांतील १८.७ निघाले, म्हणजे ज्यांच्यासाठी सारा खटाटोप होता त्यांच्यावर काहीही परिणाम झाला नाही. कमी ओढणाऱ्यांत ३०.६ आणि २७.५ असा लहान, पण संख्याशास्त्रदृष्ट्या खरा फरक पडला. उत्तर कारेलियाच्या कीर्तीवर वाढलेल्या पिढीला हा मोठाच धक्का होता.

या निष्कर्षावरून उत्तर कारेलिया आणि एर्नाकुलम येथील यश भ्रामक होते असे अनुमान काही लेखकांनी काढले आहे. लेखकास ते घाईचे वाटते. १९८८ मध्ये प्रयोग सुरू झाला तेव्हा अमेरिकन शहरातील सिगारेट ओढणाऱ्याने गेली पंचवीस वर्षे धोक्याचे इशारे ऐकले होते. प्रयोगाने त्याला नवे काही सांगितले नाही, आणि तुलनागावातील त्याच्या बांधवालाही तेच ऐकू येत होते. उलट श्रीकाकुलमच्या स्त्रीला तिच्या टाळूवरील चट्ट्याचा अर्थ कोणीच सांगितला नव्हता. पहिल्याने कळणाऱ्या गोष्टीचा आणि शंभराव्यांदा कळणाऱ्या गोष्टीचा परिणाम सारखा असेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणजे असे की प्रयोगाचे फळ पद्धतीइतकेच, किंबहुना अधिक, त्याच्या ऐतिहासिक क्षणावर अवलंबून असते. आणि हा क्षण यदृच्छ निवडीने काढून टाकता येत नाही. संख्याशास्त्रज्ञ ज्याला दोष म्हणतात ती कालभिन्नता येथे इतिहासकाराचा मुख्य विषय ठरते. एर्नाकुलममध्ये १९६६ आणि १९७७ यांच्या मधल्या काळात जे बदलले ते प्रयोगाच्या यशातून वजा करण्याऐवजी, त्याच बदललेल्या खेड्यात दंतवैद्याचा शब्द का ऐकला गेला, हे विचारणे अधिक फलदायी होईल. त्यासाठी लॅन्सेटमधील कोष्टके पुरी पडणार नाहीत. त्या वेळची मल्याळी, तेलुगू आणि गुजराती प्रचारसामग्री, दंतवैद्यांबरोबर फिरलेल्या स्थानिक साहाय्यकांच्या आठवणी, आणि दरसाल तपासल्या गेलेल्या कुटुंबांतील वृद्धांची साक्ष, ही साधने लागतील. आणि ही माणसे आता थकली आहेत. आपल्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्यास विषयाचा शोध असेल, तर त्याने दक्षिणेकडे पाहावे.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर राष्ट्रीय पाहणीनुसार २०१६-१७ मध्ये राज्यातील शेकडा २६.६ प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत होते, पण ओढणारे फक्त ३.८ होते. परदेशी नमुन्यावर केवळ 'धूम्रपान सोडा' म्हणणारा उपक्रम येथे सात व्यसनींपैकी सहांच्या दारावरून पुढे निघून जाईल. मेहतांच्या पथकाने ओढणे आणि चघळणे यांत प्रथमपासून भेद केला नाही, यामागे हेच ज्ञान होते.

त्या पथकाचा वारसा पुढे कोणत्या रूपाने चालला, हे सांगून हा लेख थांबवितो. प्रकाश गुप्ता यांनी नंतर नवी मुंबईतील हीलिस या संशोधनसंस्थेत काम केले, आणि त्या संस्थेने हार्वर्डच्या ग्लोरियन सोरेन्सन यांच्यासमवेत बिहारमधील सरकारी शाळांच्या शिक्षकांत तंबाखूत्यागाचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ७२ शाळा होत्या आणि प्रयोगशाळा कोणत्या व तुलनाशाळा कोणत्या, हे या वेळी यदृच्छया ठरविण्यात आले. १९७७ मध्ये जी गोष्ट जमली नव्हती ती येथे साधली. समुदाय म्हणून खेड्याऐवजी शाळेतील शिक्षकवर्ग घेतला होता, आणि शाळेतीलच एक शिक्षक चर्चेत पुढाकार घेई. कार्यक्रम संपताच प्रयोगशाळांतील निम्म्या तंबाखूसेवकांनी गेल्या महिन्यात तंबाखूला स्पर्श केला नसल्याचे सांगितले. तुलनाशाळांत हे प्रमाण शेकडा १५ होते. नऊ महिन्यांनी, सहा महिने सतत तंबाखूवाचून राहिलेल्यांची गणना केली तेव्हा ते आकडे अनुक्रमे १९ आणि ७ निघाले.